पन्नास नव्या जागा, दहा नवे सूर

एपिसोडमध्ये आम्ही सहा तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार वाजवून दाखवली होती. तो भाग तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकला असेल, तर खरं सांगायचं म्हणजे ती तार तुम्ही ऐकलीच नाहीत. त्या बी तारेचा मूळ सूर सुमारे ३०.९ हर्ट्झचा. फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तुमच्या कानावर पडले ते तिचे वरचे उपस्वर, आणि तळाचा सूर तुमच्या मेंदूने अंदाजाने भरून काढला.

हे आधी सांगण्याचं कारण असं की जादा तारांच्या बेसची वकिली बहुतेक वेळा ‘किती खोल जातो बघा’ याच मुद्द्यावर होते. मला तो मुद्दा कच्चा वाटतो. वाद्य मात्र मला आवडतं. म्हणून वकिली बदलली पाहिजे, एवढंच या लेखात म्हणायचं आहे.

सुरुवात अँथनी जॅक्सनपासून करावी लागते. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याच्यासाठी सहा तारांचा बेस बनवला. जॅक्सन त्याला ‘काँट्राबेस गिटार’ म्हणायचा. तारा बी-ई-ए-डी-जी-सी अशा लावलेल्या, म्हणजे नेहमीच्या ई-ए-डी-जी या चार तारांच्या खाली एक आणि वर एक. पुढे केन स्मिथ आणि मग ब्रुकलिनच्या फोडेरा कारखान्याबरोबर तो वर्षानुवर्षं हे वाद्य सुधारत राहिला. त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: बेस गिटार हा गिटारच्या कुटुंबातला सर्वात खालचा आवाज. गिटारला सहा तारा, तर बेसला चारच का? लिओ फेंडरने उभ्या डबल बेसच्या हिशोबाने विचार केला म्हणून, बाकी काही नाही.

ऐकायला चोख वाटतं, पण जरा थांबा. फेंडरचा १९५१ चा प्रिसिजन बेस डबल बेसचंच काम करायला आला होता. डबल बेसच्याच चार तारा, त्याच सुरांत, फक्त फ्रेट लावलेल्या, म्हणजे बोट अचूक पडलं नाही तरी सूर अचूक लागावा. या वाद्याचं माहेर गिटारचं असेल, पण सासर डबल बेसचं आहे, आणि नांदायचं तिथेच होतं. शिवाय कुटुंबाचा न्यायच लावायचा, तर तसं वाद्य आधीच होतं की! डॅनेलेक्ट्रोने १९५६ मध्ये आणि फेंडरने १९६१ मध्ये (‘बेस सिक्स’) सहा तारांचे बेस काढले होते, अगदी गिटारसारखे लावलेले, फक्त एक सप्तक खाली. जॅक्सनने ते ट्यूनिंग घेतलं नाही. गिटारमध्ये जी आणि बी या तारांमधलं अंतर इतर तारांपेक्षा कमी असतं. त्याने सगळी अंतरं समान ठेवली, डबल बेससारखी. म्हणजे गिटारच्या कुटुंबाची साक्ष काढून त्याने जे वाद्य बनवलं, ते त्या कुटुंबाची रीत पाळतच नाही. आणि बरं झालं!

आता हिशोब करू. चोवीस फ्रेटचा बेस धरा. मोकळी तार आणि चोवीस फ्रेट मिळून प्रत्येक तारेवर पंचवीस जागा. दोन तारा वाढवल्या की पन्नास नव्या जागा मिळतात. पण नवे सूर किती? खाली पाच, वर पाच, बस. उरलेल्या चाळीस जागांवर तेच सूर, जे चार तारांवर आधीच होते.

या चाळीस जागा कशासाठी, हा माझ्या मते खरा प्रश्न. बेसवरचा खालचा ई घ्या. चार तारांवर तो एकाच ठिकाणी मिळतो: मोकळी तार. मोकळ्या तारेवर डाव्या हाताचं बोट नसतं. सूर हलवता येत नाही, दाबाने रंगवता येत नाही, आणि थांबवायचा तर वेगळी हालचाल करून थांबवावा लागतो. खाली बी तार आली की तोच ई तिच्या पाचव्या फ्रेटवर, बोटाखाली येतो. तो कुठे संपणार हे आता बोट ठरवतं. सूर तोच, पण त्याची लांबी तुमच्या ताब्यात. बेस वाजवणाऱ्याचं अर्धं काम सूर कुठे संपवायचा हेच असतं.

हे कानाने तपासायचं असेल तर पियानोवादक हिरोमीचा २०११ चा ‘व्हॉइस’ हा अल्बम ऐका. जॅक्सन, ड्रमवर सायमन फिलिप्स, आणि मधे ही वादळी बाई. पियानोची शेवटची कळ २७.५ हर्ट्झची, जॅक्सनच्या बी तारेपेक्षा फक्त एक पूर्ण स्वर खाली. म्हणजे हिरोमीचा डावा हात जिथे सहज उतरतो, तिथे चार तारांचा बेस नुसता शेजारी होऊन बसला असता. जॅक्सनला तिच्या हाताखाली जाता येतं. आणि तो क्वचितच जातो. बराच वेळ मधल्या पट्टीत राहतो, जाड आणि आखूड सूर धरतो, आणि एखाद्या वळणावर जमीन खाली सरकवतो. सोलोचा हव्यास नाही. सहा तारा घेऊन आलेला माणूस इतका हात राखून वाजवतो, हे मला त्याच्या युक्तिवादापेक्षा जास्त पटतं.

एक टोचणी मात्र राहते. त्याचं सर्वात ओळखीचं काम चार तारांवरचं आहे: ओ’जेजचं १९७३ चं ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’, पिकने वाजवलेलं, फेजरमधून भोवऱ्यासारखं फिरणारं. गीतकार-संगीतकारांच्या नावांत त्याचंही नाव आहे, ते त्या बेसमुळेच. सहा तारांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे गाणं लपवू नये.

वरच्या सी तारेचा वकील वेगळा, थंडरकॅट. त्याच्या सहा तारांवर जीव वरच्या बाजूला असतो. तिथे तो तीन-चार सूर एकत्र धरून गातो, आणि बेस एकाच वेळी तळही होतो आणि साथही. तेच तीन-चार सूर बी आणि ई तारांवर एकत्र धरलेत तर चिखल होतो. खाली सूर जवळ आले की कान ते वेगळे करू शकत नाही.

आणि इथेच सात, नऊ, अकरा तारांची गोष्ट सुरू होते. बी च्या खाली आणखी एक तार लावली की ती एफ शार्प, २३.१ हर्ट्झ. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येतं, तेव्हा कागदावर ती ऐकू येते. प्रत्यक्षात सुराऐवजी धडधड जाणवते, आणि तीही चांगला स्पीकर असेल तर. या वाद्यांवर दोन्ही हातांनी टॅप करून एकटे वाजवणारे कलाकार वाईट नाहीत, काही अफाट आहेत. पण ते बेसचं काम करत नाहीत. ते चॅपमन स्टिकचे चुलतभाऊ आहेत. त्यांना बेस म्हणून मोजलं की त्यांच्यावरही अन्याय होतो आणि बेसवरही.

आता हात. चार तारांच्या फेंडर जॅझ बेसची मान नटपाशी ३८ मिलिमीटर रुंद असते. सहा तारांची सहज ५४. माझा हात लहान आहे. पहिल्या महिन्यात मनगटाने जे सांगितलं ते इथे छापण्याजोगं नाही. तारांमधलं अंतर कमी केलं तर मान आटोक्यात येते, पण उजव्या हाताची बोटं अडखळतात. थॉम्पसनच्या पहिल्या वाद्याबद्दल जॅक्सनची तक्रार हीच होती.

त्यात सितारवाल्यांना गंमत वाटेल अशी एक अडचण. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बी वाजवा, आणि कुणीही न छेडलेली खालची बी तार गुंजायला लागते. सितारीला तरफेच्या तारा मुद्दाम लावतात, त्या याचसाठी. इथे तीच गुंज म्हणजे डोकेदुखी. म्हणून उजवा अंगठा एका जागी न टेकवता तो सरकत राहतो आणि खालच्या तारा झाकतो, डाव्या हाताची बोटं वरच्या. नटपाशी बरेच जण केसांचं रबर गुंडाळतात. त्याची आमच्या घरी कधीच टंचाई नव्हती.

शेवटी मी काय केलं? सहा तारांचा विकला, आणि पाच तारांच्या जुन्या बेसची बी तार काढून वर सी लावली: ई-ए-डी-जी-सी. वाटतं तितकं सोपं नाही. नटमधली पहिली खाच .१३० इंचाच्या तारेसाठी कापलेली, तिथे .१०५ ची तार आली की ती खाचेत खडखडते. म्हणून सगळ्या तारा एकेक घर सरकतात आणि अख्खा नट बदलावा लागतो. एका दुकानात हाडाचा नट बसवून घेतला. त्यांनी सी ची खाच इतकी खोल घासली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागली. दुसरा नट मी स्वतः घासला, तीन रविवार लागले. मानेवरचा ताण बदलल्यामुळे ट्रस रॉडही पाव फेरा फिरवावा लागला.

तुम्ही विचाराल, मग वर सांगितलेल्या त्या बोटाखालच्या ई चं काय? तो गेला. आता ई पुन्हा मोकळाच वाजतो आणि मला तो दर वेळी तळहाताने थांबवावा लागतो. तालमीत कधीकधी डाव्या हाताचं बोट सवयीने पाचव्या फ्रेटवर त्याला शोधायला जातं. तिथे आता ए आहे.