न सुटणारी बंदूक : कॉर्बेटच्या पुस्तकांचे एक वाचन

जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) या पुस्तकातली पहिली गोष्ट चंपावतच्या वाघिणीची आहे. १९०७ साली ती मारली गेली तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. हा आकडा वाचकाच्या लक्षात राहतो. गोष्टीच्या अगदी शेवटी आलेली दोन-तीन वाक्ये मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. काही महिन्यांनी नैनितालला दरबार भरला. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यात चंपावतच्या तहसीलदाराला एक बंदूक दिली आणि कॉर्बेटबरोबर रानात शिरलेल्या एका गावकऱ्याला शिकारीचा सुरा दिला. दोन्ही हत्यारांवर अक्षरे कोरली होती. ती त्या त्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या जपली जातील, असे कॉर्बेट लिहितो.

त्याच कामगिरीबद्दल ह्युएट यांनी कॉर्बेटलाही एक रायफल दिली होती. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, दस्त्यावर चांदीची पट्टी असलेली. कॉर्बेटचे नाव निघाले की जाणकारांच्या तोंडी पहिल्यांदा हीच रायफल येते. या समारोपात मात्र तिचा उल्लेख नाही. दुसऱ्यांच्या हत्यारांचा वारसा सांगणारा लेखक स्वतःच्या हत्याराबद्दल गप्प राहतो. हा केवळ विनय म्हणून सोडून देता येईल, आणि मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. कॉर्बेटची पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा या गप्प राहण्याला दुसरेही कारण असावे असे वाटू लागले.

चंपावतची शिकार त्या रिग्बीने झालेली नाही, ते शक्यही नव्हते. ती तर बक्षीस म्हणून नंतर आली. कॉर्बेटकडे त्या दिवशी .५०० बोअरची जड दुनळी रायफल होती आणि जवळ तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोर उभी होती. कॉर्बेट धावत तहसीलदारापाशी गेला, त्याच्या हातातली बंदूक घेतली आणि परत फिरला. नेम धरताना त्याला दिसले, की नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली पाव इंचाहून मोठी फट आहे. बार उडवावा तर बंदूक आपल्याच तोंडावर फुटायची. तरीही त्याने चाप ओढला. वीसेक फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर धरलेला नेम चुकला आणि गोळी तिच्या पायाला लागली. वाघीण पडली ती आधीच्या गोळ्यांनी.

म्हणजे ज्या पराक्रमाची आठवण चांदीच्या पट्टीवर कोरली आहे, त्याच्या शेवटच्या क्षणी कॉर्बेटच्या हातात मागून घेतलेली, खिळखिळी, नेम न धरणारी बंदूक होती. ही गोष्ट त्याने लपवलेली नाही. उलट त्या फटीचे माप तो काळजीपूर्वक सांगतो. बक्षिसाच्या रायफलला जागा नाही, पण फुटक्या बंदुकीला आहे. या लेखकाचा जीव कुठे गुंतला आहे, हे इथे कळते.

त्याचे मूळ त्याच्या बालपणात सापडते. ‘माय इंडिया’ (१९५२) आणि ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकांत त्याची पहिली बंदूक येते. तो आठ-दहा वर्षांचा होता. पक्ष्यांवर पुस्तक करू पाहणाऱ्या एका नातेवाइकाने त्याला ठासणीची दुनळी दिली. तिची उजवी नळी चिरलेली होती, त्यामुळे कामाला एकच डावी. दस्ता मोडलेला, पितळी तारेने आवळलेला. दारू आणि छर्रे मोजकेच, आणि एक बार काढला की पुन्हा ठासेपर्यंत हात रिकामे. कुंवर सिंग नावाचा गावचा मुखिया, जो कालाढुंगीच्या रानातला नावाजलेला चोरटा शिकारीही होता, ही बंदूक पाहून हसला नाही. आता तू मोठा झालास, या चांगल्या बंदुकीनिशी रानात कुठेही जा, फक्त झाडावर चढायला शीक, अशा अर्थाचे तो बोलला. ‘चांगली बंदूक’ हा शब्द कुंवर सिंगाने दिला आणि कॉर्बेटने तो जन्मभर जपला.

कॉर्बेटची सारी रानविद्या या चिरलेल्या नळीतून आली आहे, असे माझे म्हणणे आहे. दुसरा बार नाही म्हणून पहिला वाया घालवायचा नाही. दारू थोडी म्हणून फार जवळ जायचे, आणि जवळ जायचे म्हणून पाखरांची, माकडांची, चितळांची हाक ओळखायची. त्याच्या लेखनात बंदुकीपेक्षा कान जास्त काम करतात, याचे कारण हेच. पुढे चांगली हत्यारे आली तरी ती सवय गेली नाही. चौगढच्या वाघिणीची गोष्ट आठवून पाहा. ११ एप्रिल १९३० रोजी ओढ्याच्या पात्रातून जाताना त्याने रातव्याची दोन अंडी उचलून डाव्या हातात धरली होती. उजव्या हातात हलकी .२७५ होती. खडकाला वळसा घातला तर मागे वाघीण. त्याने एका हाताने रायफल संथपणे, जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि बार काढला. नंतर हिशेब मांडताना तो सांगतो, की अंडी हातात होती म्हणून घाईची हालचाल झाली नाही, आणि जड रायफल असती तर एका हाताने फिरवताच आली नसती. मग परत जाऊन अंडी जागेवर ठेवली. अर्ध्या तासाने पाहिले तर पाखरू त्यांच्यावर बसलेले.

रिग्बीचे कौतुक इथे आहे, पण ते अंड्यांच्या जोडीने येते, आणि हलकी असण्याच्या गुणापुरते येते. दक्षिणेतल्या केनेथ अँडरसनचा त्याच्या .४०५ विंचेस्टरवर जो उघड लोभ दिसतो, तसा तो नाही. अँडरसनची बंदूक जन्माची सोबतीण आहे. कॉर्बेटला बंदूक आठवते ती कोणी दिली, कोणी तिच्याकडे पाहून काय म्हटले, तिच्यात काय उणे होते, यासाठी.

इथवर मी कॉर्बेटच्या बाजूने बोललो. पण हे वाचन इथेच थांबवले तर ते अपुरे राहील. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई होती. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींना त्यातून सूट होती. नैनितालच्या पोस्टमास्तरांच्या या मुलाला फुटकी का होईना, बंदूक मिळाली ती या कायद्यानंतर काही वर्षांतच. त्याच डोंगरातला त्याच वयाचा पहाडी मुलगा कितीही हुशार असला तरी ‘माझी पहिली बंदूक’ असे प्रकरण त्याला लिहिता आले नसते. हत्यारावर माया करायलाही आधी ते बाळगण्याची मुभा लागते.

हे लक्षात घेतले की तहसीलदाराची ती फटीची बंदूक वेगळी दिसू लागते. कॉर्बेट तिच्याकडे थोडे विनोदाने पाहतो. पण ४३६ माणसे गेलेल्या मुलखात सरकारी अधिकाऱ्याच्या हाती असे हत्यार असेल, तर साध्या शेतकऱ्याच्या हाती काय होते? कुऱ्हाडी, ढोल आणि आरडाओरड. दरबारात दिलेली बंदूक पिढ्यान्पिढ्या राहील हे वाक्यही मग तितके सरळ उरत नाही. परवान्याच्या राज्यात बंदूक आपोआप वारशाने जात नाही. दर पिढीला ती नव्याने मागावी लागते. हा प्रश्न कॉर्बेटला पडत नाही, कारण त्याच्या घरात तो कधी आलाच नव्हता. त्याच्या मायाळू लेखनातली ही मला जाणवलेली सर्वांत मोठी रिकामी जागा आहे.

ती त्याने लेखनात भरली नाही. वागण्यात काही अंशी भरली. १९४७च्या अखेरीस बहीण मॅगीसह तो केनियाला कायमचा निघून गेला. जाण्यापूर्वी आपल्या काही बंदुका त्याने रानात नेऊन पुरल्या, असे त्याचे चरित्रकार सांगतात. विकल्या नाहीत, कोणा साहेबाला दिल्या नाहीत. रिग्बी पुढे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि अलीकडे पुन्हा तिच्या मूळ कंपनीच्या हाती आली. शिकारीला ती आता कोणी नेणार नाही. ती वस्तुसंग्रहाची झाली.

तिसरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या त्याने वसवलेल्या गावात शेर सिंग नेगी यांना त्याने एक बंदूक दिली, पिकांची आणि गुरांची राखण करण्यासाठी. ती अजून गावात आहे. गावकरी पाहुण्यांना ती दाखवतात आणि द्यायला तयार नसतात. चांदीची पट्टी असलेली रायफल समुद्रापार गेली. पट्टी नसलेली बंदूक गावाने धरून ठेवली. चंपावतच्या गोष्टीच्या शेवटी त्याने ज्या वारशाची ग्वाही दिली होती, तो असा वेगळ्याच गावात खरा झाला.

हे सारे मी इतके लावून का धरले, हे सांगायला हवे. आमच्या कोकणातल्या घरी वडिलांची ठासणीची एकनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुक्कर आणि वानर यांच्यासाठी. वडिलांनी तिने जनावर मारलेले मला आठवत नाही. बार काढून हुसकावत तेवढेच. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि ते महिनाभर बेचैन असायचे. खंडेनवमीला कोयता, पहार आणि विळीशेजारी तिलाही झेंडूचे फूल मिळायचे. ती आजोबांना खोताने दिली होती, एवढीच तिची कथा. त्या खोताशी पुढे कोर्टकज्जे झाले, तरी बंदूक परत करण्याची भाषा घरात कोणी केली नाही.

वडील गेले. परवाना त्यांच्या नावाचा होता. मी शेती करत नाही, शहरात राहतो. बंदूक कशासाठी हवी, या प्रश्नाला माझ्याकडे अर्जाच्या रकान्यात मावेल असे उत्तर नव्हते. ‘आजोबांची आहे’ हे मी लिहिले नाही, लाज वाटली. ती जमा केली. २०१९च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा अनेक घरांत हा प्रश्न उभा राहिला असणार. बंदुका कमी असाव्यात, या मताचा मी आहे. त्यामुळे माझे दुःख कायद्याविरुद्ध नाही. आपल्याला जे जड जाते ते नेमके काय, याचे नाव मला सापडत नव्हते, आणि ते कॉर्बेटने दिले. चिरलेली नळी त्याने सत्तरीपार लिहिलेल्या पुस्तकांत जपली. त्या जपण्याला परवाना लागला नाही.

ज्यांच्याकडे तेही नव्हते, त्या चंपावतच्या माणसांसाठी हे उत्तर पुरेसे नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या वाचनात मी त्या तहसीलदाराच्या बाजूने गोष्ट वाचणार आहे. बंदूक जमा केल्याची पावती ‘माय इंडिया’च्या प्रतीत खूण म्हणून ठेवली आहे, कुंवर सिंगाच्या प्रकरणापाशी.