उलट्या बाजूनं पाहिलेली गोधडी

गोधडी हातात आली की मी आधी ती उलटी करते. वरच्या बाजूला रंगांची दाटी असते: परकराचा तुकडा, शर्टाची बाही, खणाची पट्टी, शाळेच्या गणवेशाचा निळा. डोळे तिथंच गुंततात. अस्तराला मात्र बहुधा एकच लुगडं असतं, धुऊन धुऊन रंग उडालेलं, आणि त्यावर नुसता धावदोरा. शिवणारीचा हात इथं ओळखता येतो. ओळ कुठं वळली, कुठं दाटली, दोरा संपल्यावर गाठ कुठं दडवली, सगळं उघडं असतं. गेल्या काही वर्षांत गोधडीला शहरांत पुन्हा मान मिळू लागला आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनांत ती दिसते, बाळंतविड्यात दिली जाते, भिंतीवर टांगली जाते. तिचं कौतुक होतं याचा मला आनंदच आहे. पण हे कौतुक जवळजवळ सगळं वरच्या बाजूचं आहे, आणि त्यामुळे जी गोधडी आज घडते आहे तीही एकाच बाजूची होत चालली आहे. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे, जरा सविस्तर.

आपल्या भाषेनं या वस्तूकडे किती नीट पाहिलं आहे ते तिच्या नावांवरून दिसतं. दोन पदरांचं ते दुपटं, चार घड्यांची ती चौघडी. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात जाड गोधडीला वाकळ म्हणतात. दुपटं आणि चौघडी ही नावं थर मोजणारी आहेत. रंगाचा किंवा नक्षीचा त्यांत पत्ता नाही. पासोडी ही याच कुळातली जाड दुहेरी चादर, आणि संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपलं ‘पंचीकरण’ लिहायला कागद सोडून अशी पासोडीच घेतली. अंबाजोगाईला ती आजही जपलेली आहे. गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणामुळे. म्हणजे गरिबी, वैराग्य आणि ऊब या तिन्हींशी या वस्तूचं जुनं नातं आहे. सौंदर्याशी असलेलं नातं मात्र कुणी उघडपणे बोललं नाही. वापरणारी माणसं ते जाणत होती. लिहिणारी जाणत नव्हती.

गोधडीतली रचना कुठून येते, हा प्रश्न मला फार वर्षं पडला होता. शहरातल्या कार्यशाळांत ‘प्रेरणा’ हा शब्द सतत येतो: निसर्ग, रांगोळी, नांगरलेल्या शेताच्या ताशी. अस्तरावरच्या ओळी पाहून मलाही पाभरीनं पेरलेलं रान आठवतं, पण ती आठवण माझी. शिवणारीची प्रेरणा याहून जवळ, तिच्या अंगणातल्या दोरीवर वाळत असते. कपडा सगळीकडून सारखा झिजत नाही. शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पाठीचा खालचा भाग टिकतो. पँट गुडघ्यात आणि बसायच्या जागी विरते, पोटऱ्यांकडचं कापड शाबूत राहतं. लुगडं बसण्याच्या जागी जाळीसारखं होतं, काठ आणि पदर मात्र धडधाकट. गोधडी या शाबूत राहिलेल्या भागांतून सुरू होते. म्हणून ठिगळांचे आकार शिंप्याच्या कात्रीनं आधीच ठरवलेले असतात. पँटच्या पायातून खाली निमुळती होत गेलेली लांब पट्टी निघते, बाहीतून एका अंगाला रुंद तुकडा निघतो, काठातून सरळ रेघ निघते. जुन्या गोधड्यांत ज्या तिरक्या, थोड्या कलत्या कडा दिसतात आणि ज्यांच्यामुळे सगळी वीण हलती वाटते, त्या कडा घरातल्या माणसांच्या चालण्याबसण्यातून आलेल्या आहेत. शिवणारीचं कसब पुढं सुरू होतं: हे वाकडे तुकडे ती कशाशेजारी काय ठेवून सरळ चौकटीत बसवते, इरकलीचा लाल काठ कडेला घेते की मध्ये आडवा टाकते, उठून दिसणारा एकुलता पिवळा तुकडा कुठं ठेवते. मी पाहिलेल्या चांगल्या गोधड्यांत असा तुकडा बरोबर मध्यावर सहसा नसतो.

नंतर शिवण. थर जमिनीवर अंथरतात, सुरकुत्या हातानं सारून काढतात, कडेनं कच्चे टाके घालतात. मग काही ठिकाणी सरळ समांतर ओळी घालतात, तर काही ठिकाणी कडेपासून चौकोनी फेरे घेत आत सरकतात. ही दुसरी रीत मला श्रेष्ठ वाटते, आणि त्याचं कारण आहे. कडेकडून आत येताना कापडाचा सगळा झोळ मध्याकडे ढकलला जातो. नवख्या हाताची गोधडी मध्यभागी पोळीसारखी फुगते. जाणती बाई तो झोळ प्रत्येक फेऱ्यात थोडाथोडा जिरवत आणते, आणि शेवटचा छोटा चौकोन सपाट पडतो. चार कोपऱ्यांत ओळी वळतात तिथं अस्तरावर कर्णासारख्या चार रेषा आपोआप उमटतात; कुणी त्या काढलेल्या नसतात. शिवाय या रीतीत चौघी चार बाजूंना बसून एकाच वेळी शिवू शकतात. उन्हाळ्यात, रानातली कामं सरल्यावर, दुपारच्या सावलीत असं बसणं हा कामाइतकाच बोलण्याचाही वेळ असे.

इथं जरा हिशेब करू. चार फूट बाय सहा फूट गोधडी, दोन ओळींत एका बोटाचं अंतर, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर. सगळ्या ओळी सलग मांडल्या तर सुमारे ११० मीटर शिवण होते. एक टाका सेंटिमीटरभर धरला तर ११ हजार टाके. ओळींतलं अंतर दोन बोटांचं केलं की श्रम थेट निम्मे होतात, आणि वरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. मजुरी मात्र ‘एका गोधडीचे इतके’ अशी ठरते. लहान-मोठी एवढाच भेद, टाके कुणी मोजत नाही. आज हातशिवणीच्या गोधड्यांवर विरळ ओळी आणि लांब टाके का दिसतात, याचं उत्तर हातातलं कसब हरवण्यात शोधण्याआधी या मजुरीत शोधावं. अकरा हजार टाक्यांची गोधडी आणि पाच हजार टाक्यांची गोधडी एकाच भावानं जात असेल, तर बाईनं अकरा हजार का घालावेत?

कापडाची गोष्ट याहून अवघड आहे. गोधडीला लागतं ते वापरून मऊ झालेलं सुती कापड. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरांच्या आसपास सूत, शेकडो वेळा आपटून धुतलेलं. असं कापड एकमेकांना धरून बसतं, घाम टिपतं, सुईला सहज वाट देतं. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. १९८५च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला रस्ता मोकळा करून दिला. गावागावांत रोजच्या वापराला पाचवारी पॉलिस्टर साडी आली. ती स्वस्त होती, लवकर वाळत होती, इस्त्री मागत नव्हती, आणि शेतात राबणाऱ्या बाईनं ती पसंत केली यात तिचं काहीच चुकलं नाही. पण पॉलिस्टर विरत नाही आणि मऊही होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, पांघरलं की कुंद वाटतं. शहरात उरलंसुरलं सुती कापड बोहारणीच्या टोपलीत गेलं आणि त्या बदल्यात स्टीलचं पातेलं घरात आलं. गोधडी मागे पडली ती स्वस्त ब्लँकेटमुळे असं सर्रास म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. तिचा कच्चा माल घरातून निघून गेला, हे उरलेलं निम्मं.

या पार्श्वभूमीवर आजची गोधडी पाहिली पाहिजे. रस्त्याच्या कडेला मोठं शिलाई मशीन मांडून ‘गोधडी शिवून मिळेल’ अशी पाटी लावलेला माणूस आता सगळीकडे दिसतो. त्याला नावं ठेवायचा मोह मी टाळते, कारण घरातल्या जुन्या साड्या अजून पांघरुणात जातात त्या बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. तरीही मशीनची शिवण थर घट्ट दाबून टाकते. हातच्या धावदोऱ्यात टाक्याटाक्यांमध्ये कापड किंचित फुगतं, त्या फुगवट्यात हवा राहते आणि ऊब त्या हवेची असते. विरलेल्या सुताला मशीनची दाट भोकंही सोसत नाहीत; दोन-चार धुण्यांत ते ओळीवरच फाटतं.

शहरी दुकानांतल्या गोधडीबद्दल मी अधिक कठोर आहे, कारण तिच्या निर्मात्यांकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे. तिथं ठसेछपाईचं नवं कोरं कापड विकत आणून त्याचे सारख्या मापाचे चौकोन कापतात. मांडणी अमेरिकी पद्धतीच्या पॅचवर्कची: तारे, त्रिकोण, आरशासारखी सममिती. मध्ये पॉलिस्टरचा पातळ थर. हे काम सुबक असतं आणि ते विकायलाही हरकत नाही. पण ठिगळ हे झिजण्याला दिलेलं उत्तर आहे. न झिजलेल्या कापडाला ठिगळासारखं कापणं म्हणजे प्रश्न नसताना उत्तराची नक्कल. अशा गोधडीची उलटी बाजू पाहा: शिवण फक्त चौकोनांच्या कडेकडेनं जाते, वरच्या नक्षीची मागून काढलेली बाह्यरेषा. तिला स्वतःचं काही सांगायचं नसतं. याउलट, गिऱ्हाइकाच्याच आईच्या, आजीच्या सुती साड्या मागवून घेऊन गावातल्या बायकांकडून हातानं शिवून देणारे काही लोक आहेत. त्यांचं काम मला या सगळ्यांत अधिक मोलाचं वाटतं, कारण तिथं कापडाचा उगम आणि शिवणारा हात दोन्ही खरे आहेत.

बंगालकडे पाहिलं की आपल्याकडची उणीव ठळक होते. कांथा हीही जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानंच शिवली जाते. गुरुसदय दत्त यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्यानं त्या जमवल्या, कोलकात्याजवळ जोका इथं त्यांचं संग्रहालय झालं. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी कांथांवर गंभीरपणे लिहिलं आणि त्यांच्या संग्रहातल्या कांथा आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, घरातली साधी अवजारं जिवापाड जमवली, म्हणून मराठी घराची ती बाजू वाचली. गोधडी मात्र चिंधी होईपर्यंत वापरली जाते, मग हात पुसायला जाते. जमवायला मागे काही उरतच नाही. तरीही बंगालचं उदाहरण मला पुरतं सुखावत नाही. कांथेला कीर्ती मिळाली, आणि बाजारात ‘कांथा’ म्हणून विकू लागली ती एकेरी रेशमी साडीवरची धावदोऱ्याची भरतकामं. टाका राहिला, थर गेले. दुपटं-चौघडी म्हणणाऱ्या भाषेनं हा धोका ओळखायला हवा.

दुसरा धोका आपल्याच घरात घडलेला आहे. वारली लग्नातला चौक भिंतीवर लिहायचा तो बायकांनी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कलावंत भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, चित्रं कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारखा असामान्य चित्रकार जगाला दिसला. त्यांची थोरवी वादातीत आहे; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं किती जणांना सांगता येतील? घरातली कला बाजारात आली की ती पुरुषाचा पेशा होते, ही वाट गोधडीही चालू लागली आहे. हात बाईचा, मशीन पुरुषाचं.

याला पर्याय आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या परिसरात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी ही गोधडी शिवतात: तीही कडेपासून आत, आणि कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी ‘फुला’ लावून. या कवंदी त्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या, तेव्हा प्रत्येकीचं नाव गोधडीशेजारी होतं. त्यांतली कापडंही विजारींची, पिठाच्या पोत्यांची, कामाच्या कपड्यांची होती. चित्र पाहावं तसं लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाव लिहिणं ही समीक्षेची पहिली पायरी आहे, आणि तिला खर्च काहीच येत नाही.

म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. गोधडी भिंतीला चिकटवून टांगू नका, दोरीवर टाका, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. शिवणारीचं नाव लिहा, तिची हरकत नसेल तर गावही. कोणतं कापड कुणाच्या अंगावरचं, हे तिला आठवत असेल तर तेही. आणि मजुरी गोधडीवर न ठरवता दोऱ्यावर ठरवा: जितकी रिळं लागली तितके पैसे. टाका दाट घालणारीला तिच्या दाटपणाचे पैसे मिळतील अशी दुसरी कोणती पद्धत मला दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरकडच्या एका गावात एक वाकळ पाहत होते. सवयीनं उलटी केली. तीन बाजूंनी ओळी ऐसपैस, बोटाबोटाच्या अंतरानं आत गेलेल्या. चौथ्या बाजूच्या बारीक, जवळजवळ, आणि दोन्ही जिथं भेटत होत्या तिथं जुळत नव्हत्या. मी त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “मावशी, इथं असं का झालंय?”

“तिथनं पुढं सुनंचा हात हाय,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच वाकून, चष्मा वर सारून, त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिल्या. “बारीक घातलाय की तिनं. माझ्यापरीस बारीक.” आणि आतल्या घराकडे तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली.