फाइल बाहेर, प्रोग्राम आत

वीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर माणूस दोन गोष्टी शिकतो. काउंटरवरचं पेन दोरीनं बांधून ठेवणं आणि कुठल्याही चुकीला ‘सिस्टिम’ म्हणणं. जुलै २०२५मध्ये पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी आमच्या महाडच्या शाखेत आले, पासबुक पुढ्यात ठेवून म्हणाले, “साहेब, माझे साडेसतराशे कुठे गेले?” मी सवयीनं म्हणालो, “गुरुजी, सिस्टिम आहे.”

“ते दिसतंय. पैसे विचारतोय मी.”

गुरुजींचं वर्षाचं व्याज सत्तर हजार. ज्येष्ठ नागरिकांसाठी करकपातीची मर्यादा पूर्वी पन्नास हजार होती, ती १ एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली. म्हणजे एक पैसाही कापायला नको होता. पण कापणारा मी नव्हे. बँकेच्या मूळ सॉफ्टवेअरला करकपातीचा वेगळा जोड-प्रोग्राम लावलेला असतो, त्याला प्लगइन म्हणतात. हा घरजावई. काम चोख, पण घरच्या चालीरीती त्याला बाहेरून सांगाव्या लागतात: दर किती, मर्यादा किती. त्या त्याच्या पोटातच कोरून ठेवल्या, तर दर अंदाजपत्रकाला जावई बदलावा लागेल! म्हणून त्या बाहेर, एका फाइलीत ठेवायच्या.

हेरोकू कंपनीच्या मंडळींनी २०११च्या सुमारास चांगल्या प्रोग्रामची बारा सूत्रं लिहिली. त्यांतलं एक हेच. जागोजाग बदलणारी माहिती कोडमध्ये ठेवू नका, एन्व्हायर्नमेंटमध्ये म्हणजे प्रोग्रामच्या भोवतालात ठेवा. कसोटीही झकास दिली आहे: सगळं कोड उद्या भर बाजारात मांडलं, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? कॉमर्सच्या पदवीधरालाही पटावं असं सूत्र आहे. पण माझी तक्रार अशी, की माहिती कुठे ठेवावी हे सांगणाऱ्यांनी ती केव्हा वाचावी याचा घोर फारसा घेतलेला नाही. प्रोग्राम सुरू होताना भोवताल एकदा बघतो. नंतर बाहेर कोणी काहीही बदलो, त्याला पत्ता नसतो. आमच्याकडे फाइल होती, तरी तेच झालं. ती मार्चमध्येच दुरुस्त झाली होती. प्लगइनच्या रचनेत मात्र फाइल फक्त सुरू होताना वाचायची सोय होती, आणि तो फेब्रुवारीपासून अखंड चालू होता.

उलट टोकही वाईटच. लॉग लिहिणारी लॉगफोरजे ही लायब्ररी बाहेरून आलेला मजकूर नुसता लिहून ठेवीना, त्यातला पत्ता वाचून तिथून कोड आणून चालवी. डिसेंबर २०२१मध्ये हे उघडकीला आलं आणि जगभरच्या संगणकवाल्यांची झोप उडाली. दारावर येईल त्याचं ऐकणारा जावईही कामाचा नाही.

जेवणाच्या सुट्टीत हे सगळं मी गुरुजींना चवदार तळ्याच्या काठावर समजावलं. ते पाण्याकडे बघत ऐकत होते.

“म्हणजे ठराव झाला, पण चालत्या यंत्रानं वाचला नाही,” ते म्हणाले. “या तळ्याला हे नवीन नाही. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ला झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ला तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! अस्पृश्यांना पाणी काही मिळेना. २० मार्च १९२७ला बाबासाहेब माणसं घेऊन इथे उतरले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो ठराव वाचला गेला. त्याबद्दल लोकांनी लाठ्या खाल्ल्या.”

मी गप्प. माझा घरजावई एकदम फारच लहान दिसायला लागला.

“तुमच्या त्या फाइलीत कोणी काही लिहिलंच नसेल, तर यंत्र काय करतं?”

“डीफॉल्ट घेतं. आधीपासून ठरलेलं असतं ते.”

“कोणी ठरवलेलं?”

“…प्रोग्राम लिहिणाऱ्यानं.”

“इथेही सांगत होते, अनादी कालापासूनची वहिवाट आहे म्हणून. हायकोर्टानं १९३७ला सांगितलं, तशी वहिवाट शाबीत झालेली नाही. दहा वर्षं लागली.” मग जरा थांबून, “फाइलीतली दुरुस्ती मागे कोण घेऊ शकतं?”

“ज्यानं केली तोच. मुख्य कचेरी.”

“हं. नगरपालिकेनंही ऑगस्ट १९२७मध्ये तो ठराव मागे घेतला होता.”

शाखेत परतल्यावर मुख्य कचेरीतल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, “काका, रीस्टार्ट होईल रात्री. कापलेले मात्र रिटर्न भरूनच परत मिळतील.” मी ते गुरुजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोरीचं पेन ओढून अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

“पोच द्या, साहेब. सही-शिक्क्यासकट.”