दासीचे नाक

बालगीत निरागस असते, असा आपल्या समीक्षेचा एक लाडका समज आहे. निरागस असते ते मूल. गीत मोठी माणसे रचतात, चित्रही मोठी माणसेच काढतात आणि विकतात. रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराने १८८० साली ‘सिंग अ साँग फॉर सिक्सपेन्स’ या गीताचे चित्रपुस्तक केले. एडमंड इव्हान्सने ते लाकडी ठशांवरून रंगीत छापले. किंमत एक शिलिंग, म्हणजे दोन सिक्सपेन्स. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही हे गीत पाठ करून घेतले जाते. म्हणून त्याची झडती घेणे मला अगत्याचे वाटते.

२४ काळे पक्षी कणकेच्या पारीत भाजून राजापुढे ठेवले जातात. पारी फोडताच ते गाऊ लागतात. मग राजा पैसे मोजत बसतो, राणी दिवाणखान्यात पावाबरोबर मध खाते आणि दासी बागेत कपडे वाळत घालते. तेवढ्यात एक पक्षी येऊन तिचे नाक तोडतो.

या तीन जागा नीट पाहा. मोजणारा आत, खाणारी आत, राबणारी उघड्यावर. पक्षी भाजले राजाच्या ताटासाठी. सूड उगवला दासीवर. राजापर्यंत चोच पोचत नाही, मध्ये भिंती आहेत. राग वर चढत नाही, तो खाली उतरतो. आणि मुलांनी या जागी हसायचे असते!

१७४४ च्या सुमारास हे गीत छापले गेले तेव्हा त्यात पक्षी नव्हते, २४ खोडकर पोरे भाजली होती. पुढे पोरांच्या जागी पक्षी आले. १७८४ च्या संग्रहात दासीच्या नाकावरचा हल्ला आढळतो. पोरे सुटली, दासी सापडली.

कॅल्डेकॉट मोठा चित्रकार होता, याबद्दल माझा वाद नाही. मोजक्या रेषांत तो माणूस हलता-बोलता करतो. त्याच्या पुस्तकात शेवटी एक चिमुकला पक्षी येतो आणि दासीचे नाक परत बसवतो. समीक्षक याला कोमलता म्हणतील. मी याला दया म्हणतो. या दयेसाठी राजवाड्यातल्या कोणालाही जागचे उठावे लागत नाही. नाक मिळाले, दोरीवरचे कपडे तसेच राहिले. १८८१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये १२ लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या, हे ध्यानात ठेवून ते चित्र पाहावे.

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. म्हणून हे चित्र मराठी डोळ्यांना अधिक बोचले पाहिजे. मात्र घाईने ही दासी आणि आपली दलित स्त्री एक करू नये. इंग्रज दासीची चाकरी तिच्या जन्मावर गोंदलेली नव्हती. जातिव्यवस्था कामाचीच नव्हे, तर काम करणाऱ्यांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. तो फरक पुसणे म्हणजे आपलेच दुःख पातळ करणे होय.

सौंदर्यवादी विचारतील, बालगीतावर एवढा भार कशाला? कारण प्रश्न विचारण्याचे वय येण्याआधीच ते पाठ होते. अशी गीते बंद करा, असे मी म्हणत नाही. शिक्षकाने मुलांसमोर ते चित्र जरूर ठेवावे आणि एवढेच विचारावे: दोरीवर वाळताहेत ते कपडे कोणाचे?