वर बघू नका

तिरुवैयारूजवळच्या एका गावात मी बांधावर उभी राहून एका गाण्याचं चित्रीकरण पाहत होते. सांबा भाताची लावणी चालू होती. साडीवर पुरुषी शर्ट चढवलेल्या आठ-दहा बाया गुडघाभर चिखलात ओळीनं वाकल्या होत्या. डोक्यावरून ड्रोन गेला, की त्यांच्यातली एक तरी मान वर करायचीच. मग बांधावरचा सहायक ओरडायचा, ‘मेले पाक्कादींग!’ वर बघू नका. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी कुणी वर पाहिलं नाही आणि शॉट मंजूर झाला. नंतर तो मला छोट्या पडद्यावर दाखवण्यात आला. हिरव्या-तपकिरी चौकटी, मधून जाणारा चकचकीत पाट आणि एका ओळीत काही रंगीत ठिपके. शॉट सुंदर होता, हे आधी कबूल करते.

कॅमेऱ्याची पुस्तकं सांगतात, की वरून पाहिलं तर माणूस लहान दिसतो आणि खालून पाहिलं तर मोठा. हे खरं असलं तरी अर्धंच आहे. कोन कुठल्या जमिनीवर लावला, हे त्यात येत नाही. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट आहे. कल्लणैच्या धरणापासून समुद्रापर्यंत चढायला टेकडी म्हणून नाही. इथली उंची नेहमी कुणीतरी बांधलेली असते. राजराज चोळाच्या बृहदीश्वराचं विमान असो किंवा तंजावरच्या राजवाड्याचा मनोरा. उंचावरून पाहणं हा इथं आधी मालकीचा हक्क होता. कॅमेऱ्याचा कोन तो फार नंतर झाला.

आणि त्या उंचीवर आपणही उभे होतो. 1676 ते 1855 तंजावरावर भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजींनी आपल्या घराण्याचा इतिहास 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. मराठी माणूस तंजावरला गेला, की तो शिलालेख, सरस्वती महाल आणि दरबार हॉल पाहून भारावतो. मीही भारावले होते. पण दरबारची मोडी दप्तरं काय, जमिनीचे हिशेब काय, तोही एक प्रकारे वरूनच घेतलेला शॉट असतो. त्यात शेत दिसतं, धान्य दिसतं. वाकलेली पाठ दिसत नाही. ‘मिरासदार’ हा शब्द आपल्याला आणि तंजावरला सारखाच ओळखीचा आहे. 25 डिसेंबर 1968 रोजी तेव्हाच्या याच जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावात, शेतमजुरांच्या वस्तीतली 44 दलित माणसं एका झोपडीत जाळली गेली. त्यांत बायका आणि मुलं अधिक होती. त्यामागे मजुरीचा झगडा होता. ही भूमी ‘तमिळनाडूचं भाताचं कोठार’ म्हणून दाखवली जाते, तेव्हा कोठार कुणाचं, हा प्रश्न चौकटीबाहेर राहतो.

‘पोन्नी नदी’ हे गाणं मी याच शंकेनं पुन्हा पाहिलं. मणिरत्नम यांच्या 2022 च्या ‘पोन्नियिन सेल्वन’मधलं हे गाणं ए. आर. रहमान यांनी गायलं आहे आणि छायाचित्रण रवि वर्मन यांचं आहे. वंदियत्तेवन झालेला कार्ती घोड्यावरून चोळदेशात शिरतो आणि नदी आपल्यापुढे उलगडत जाते. कॅमेरा त्याच्याबरोबर धावतो, मागे राहतो, नदीचा विस्तार घेतो. काठावरची माणसं येतात आणि मागे पडतात. स्वाराच्या नजरेनं देश पाहायचा, तर हेच बरोबर आहे. घोडेस्वाराला कुणापाशी थांबायचं नसतं. चित्रपटाचं काही काम थायलंडमध्ये आणि अहिल्याबाईंच्या महेश्वरलाही झालं, याची मला तक्रार नाही. सिनेमा जागा उसन्या घेतोच. माझा आक्षेप इतकाच, की ही स्वाराची नजर पुढे रिवाज झाली. आज त्रिभुज प्रदेशावरच्या साध्यासुध्या गाण्यातही घोडा गेला तरी उंची राहते. ड्रोन म्हणजे बिनस्वाराचा घोडाच.

याच्या उलट उभं आहे ‘एंजॉय एंजामी’. मार्च 2021 मध्ये आलेलं हे गाणं धी आणि अरिवू यांचं, संगीत संतोष नारायणन यांचं आणि दिग्दर्शन अमित कृष्णन यांचं. ते तंजावरचं नाही, अरिवू अरक्कोणमचा. त्याची आजी वळ्ळियम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली, आणि गाणं भूमिहीनांच्या वारशाचं आहे. ‘एंजामी’ म्हणजे ‘माझे स्वामी’. मजुरानं मालकाला घालायची ही साद, आणि लाडक्या पोराला हाक मारायचा शब्दही हाच. गाण्यात आजी स्वतः पडद्यावर येते. इथं माणसं थेट भिंगात पाहतात. ‘वर बघू नका’ची जागा ‘आमच्याकडे बघा’नं घेतली आहे. पण चौकट एकदा जिंकून भागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी होती, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि वाद पेटला. गाण्यात भिंगाला भिडलेला चेहरा मुखपृष्ठाच्या कात्रीतून निसटू शकतो.

मग उंची सोडूनच द्यावी का? इथं माझ्या मतात खोट काढतो तो नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा त्यातल्या गाण्यांत मोकळेपणी उंच जातो, संथ होतो. अजय-अतुल यांचा लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद त्याला उचलून धरतो. पण हा थाट मासे धरणाऱ्याच्या घरातल्या परशाच्या वाट्याला येतो. तो ज्या जमिनीवरून धावतो, ती त्याची नाही. चार मिनिटं तरी आकाश त्याचं होतं. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. शेवटी आवाज बंद होतो आणि पडद्यावर उरतात लहान मुलाची रक्ताळलेली पावलं. तेव्हा ती उंची खोटी नव्हती, उसनी होती, हे कळतं. म्हणजे प्रश्न कोनाचा कमी आणि तो कुणाच्या वतीनं घेतला याचा जास्त आहे.

तंजावरच्या गावांत मराठ्यांबरोबर आलेली एक गोष्ट राजवाड्याबाहेर, धुळीत टिकली. ती म्हणजे लावणी. कामदहनाच्या सणाला दोन पक्ष समोरासमोर बसून तमिळमध्ये गातात. एक म्हणतो मदन जळला, दुसरा म्हणतो जळला नाही. आपल्या कलगी-तुऱ्याची आठवण यावी असा हा सवाल-जवाब. त्यात कुणी वरून पाहत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. या प्रदेशातल्या गाण्यांना नवा कोन हवा असेल, तर तो या बैठकीत केव्हाचा आहे. मराठीत भाताची रोपं लावण्यालाही लावणीच म्हणतात. तिथं हातांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून पूर्ण कडवंभर थांबलेला शॉट मी अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी काम संपल्यावर बाया पाटात पाय धूत होत्या. सहायकानं त्यांनाही तो शॉट दाखवला. निळ्या शर्टातल्या बाईनं पडदा दोन्ही हातांत धरला, ओलं बोट बांधापासून एकेका ठिपक्यावर टेकवत मोजलं आणि सहाव्यावर थांबली. ‘ही मी,’ ती म्हणाली. ‘इथं माझी ओळ वाकडी झाली होती.’

मी पुन्हा पाहिलं. ओळ खरंच वाकडी होती. ती त्या चित्रात होती सगळा वेळ. मला दिसली नव्हती.