अभिरुचीचा पहारा आणि अहमद अदविया

इजिप्तचा गायक अहमद अदविया २०२४ च्या डिसेंबरात वारला. १९७० नंतरच्या दशकात कैरोच्या गल्ल्यांत, टॅक्सींत, चहाच्या दुकानांत ज्याचा आवाज घुमत होता, त्याला सरकारी रेडिओचे दार मात्र बंद होते. गाणे हलके, भाषा असभ्य, हा आक्षेप. ही सभ्यता कोणाची, हा माझा प्रश्न आहे.

गरिबाच्या लेकराला इजिप्तमध्ये मान मिळालाच नाही, असे नाही. उम्म कुलसूम ही खेड्यातल्या इमामाची मुलगी. लहानपणी मुलाच्या वेषात ती धार्मिक गीते गाई. पुढे तिची मासिक मैफल गुरुवारी रात्री रेडिओवरून अरब जगभर पोहोचू लागली. तिची थोरवी वादातीत आहे. परंतु त्यासाठी तिला कवी अहमद रामी यांच्यासारख्यांच्या सहवासात अभिजात काव्य आणि वरच्या वर्गाची रीत आत्मसात करावी लागली. वर जाण्याचा जिना तोच होता. अदविया तो जिना चढलाच नाही.

तो लग्नसमारंभांत गाऊन घडला. त्याच्या 'अस्सह अद्दह इम्बू' या गाण्यातला 'इम्बू' हा तान्ह्या मुलाच्या तोंडचा पाण्यासाठीचा शब्द. प्रस्थापितांना त्यात नुसती बडबड दिसली. 'झहमा' म्हणजे गर्दी. त्या गाण्यात कैरोची घुसमट आहे. आणि तोच अदविया मव्वाल आळवू लागला, की लोकपरंपरेवरची त्याची हुकमत लपत नसे. म्हणजे आक्षेप गळ्यावर नव्हता, वस्तीवर होता. रेडिओने जे नाकारले, ते कॅसेटने घरोघर नेले.

तरीही त्याला बंडखोर ठरवण्याची घाई नको. शेख इमाम आणि कवी अहमद फुआद नेग्म यांनी गाण्यांपायी तुरुंग भोगला. अदवियाने सत्तेला असा जाब विचारला नाही. बाजाराने आणि सिनेमाने त्याला वापरून घेतले. ही त्याची मर्यादाच. परंतु मर्यादा दाखवणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे.

हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पदवीबरोबर माझ्या कानांनाही सोवळे चढले. मी उम्म कुलसूम भक्तिभावाने ऐकली आणि अदविया दोन मिनिटांत बंद केला. वर्गात एखाद्या मुलाच्या वहीवर 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारतो, तेव्हा रेडिओच्या त्या दारावर पहारेकरी म्हणून मीच उभा असतो.