‘प्लीहेचे कार्य’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

प्लीहा, म्हणजे बोलीतील पाणथरी, काढून टाकलेल्या तान्ह्या मुलांना घातक जंतुसंसर्ग होतात, हे किंग व शूमॅकर यांनी १९५२ साली निदर्शनास आणले. फुटलेली प्लीहा काढणे अटळच झाले तर तिचे पातळ काप रुग्णाच्याच वपेत, म्हणजे आतड्यांवरील चरबीच्या पडद्यात, रोवावेत, या उपायाचे समर्थन याच भयातून होते. काप जगतात, याविषयी वाद नाही. मध्यभाग प्रथम मरतो आणि कडेच्या जिवंत पेशींपासून ऊतक पुन्हा वाढते. वाद आहे तो ‘कार्य टिकते’ या विधानाविषयी, आणि तो बराचसा भाषेचा आहे.

पिअर्सन व त्यांचे सहकारी यांचा १९७८ चा निबंध या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अपघातानंतर प्लीहा काढलेल्या मुलांत, उदरात सांडलेल्या पेशींपासून असे ऊतक आपोआपही रुजते, हे त्यांनी दाखविले. शीर्षकात मात्र प्लीहा ‘पुन्हा जन्मलेली’ ठरली आणि तिचे ‘कार्य’ परतले. (येथे ‘पुनर्जन्म’ लिहिणारा अनुवादक फसेल. इंग्रजी प्रयोग ख्रिस्ती धर्मानुभवातला; त्यात माणूस तोच राहून अंतःकरण पालटते. आपल्या पुनर्जन्मात देहच दुसरा. वस्तुस्थितीला आपलाच अर्थ अधिक जवळचा, ही गंमत वेगळी!) निबंधात मोजले होते ते तांबड्या रक्तपेशींवरील खळगे. प्लीहा नसता ते वाढतात. ते घटले, तेव्हा गाळणी पुन्हा सुरू झाली, हे अनुमान रास्तच होय. परंतु न्यूमोकोकससारखे कवचधारी जंतू रक्तातून टिपणे आणि त्यांच्याविरुद्ध त्वरेने प्रतिद्रव्ये निर्माण करणे, हे कार्य निराळे. रोवलेल्या कापाला प्लीहेची धमनी लाभत नाही. आसपासच्या बारीक वाहिन्यांवर त्याला भागवावे लागते. असे ऊतक उदरात असूनही न्यूमोकोकसच्या संसर्गाने रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. संरक्षणाची गोष्ट निबंधकारांनी शक्यता म्हणूनच मांडली होती. शीर्षक तेवढे सावध नाही.

मराठीत लिहिणाऱ्याने ‘ऊतक रुजले’, ‘गाळण सुरू झाली’ आणि ‘संरक्षण मिळाले’ ही तीन विधाने एका ‘कार्या’त कोंबू नयेत. तिसऱ्याला संसर्गाचाच पुरावा हवा. आणि असे संसर्ग विरळ असल्याने तो सहजी हाती येत नाही. म्हणूनच काप रोवल्यानंतरही लस द्यावी लागते. ‘कार्य टिकले’ एवढेच वाचून ती टाळली गेली, तर त्या शब्दाची किंमत रुग्ण मोजील.